गोठ्यापर्यंत अकरा पायऱ्या

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय भूगोल. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही, त्यामुळे तिथं नेमकं काय शिकवतात याबद्दल घरच्यांचा समज फार उदार आहे. चष्म्याचा नंबर, विजेच्या बिलावरचा स्थिर आकार, गोळ्यांच्या पाकिटामागची बारीक अक्षरं, जे कुणालाच कळत नाही ते माझ्यासमोर आणून ठेवतात. मी "बघते" म्हणते. ते बघणं मग बरेच दिवस चालतं.

म्हणून मागच्या दारी पायऱ्या करायचं ठरलं तेव्हा मला जमेल का, असं कुणी विचारलंच नाही. आण्णा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "भूगोल म्हंजी जमिनीचंच की. घाल पायऱ्या."

आमचं घर पणदऱ्याच्या अलीकडे एका टेकाडावर आहे. मागचं दार उघडलं की लगेच उतार लागतो. उताराच्या मध्यावर शेवग्याचं झाड, खाली आईची परसबाग, म्हणजे वांगी, मिरच्या, कढीपत्ता आणि भिंतीवर चढवलेला घेवडा, आणि त्याच्या पलीकडे गोठा. गोठ्यात एकच म्हैस. माझ्या जन्माच्या आधीपासून आई त्या उतारावरून दिवसातून दहादा खाली-वर करत होती, कमरेवर बादली घेऊन. एके सकाळी म्हशीच्या खाण्याची, आंबोणाची बादली घेऊन जाताना तिचा पाय सटकला आणि घोट्याचं हाड मोडलं. बारामतीला नेऊन प्लास्टर घातलं. दीड महिन्याने ते काढताना डॉक्टर म्हणाले, "सपाटीवर चाला. उतार अजिबात नको. पायऱ्या चालतील, पण सहा इंचांच्या वर एकही नको."

आई मागच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची आणि खाली बघत राहायची. तिची बाग तिच्यापासून तीस-पस्तीस पावलांवर होती आणि तिथं आम्ही सगळे चुकीचं पाणी घालत होतो. "आगं बुडात घाल, पानावर न्हाय," ती वरून ओरडायची. मग आवाज खाली आणून म्हणायची, "मला एकदा खाली जाऊ द्या, बास."

तिच्याखालोखाल घाई आण्णांना होती, आणि त्याचं कारण म्हैस. आमची म्हैस आईशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही. आईचा पाय मोडल्यावर पहिले दोन दिवस आण्णांनी धार काढायचा प्रयत्न केला. तिने दोन्ही दिवस बादली उडवली, दुसऱ्या दिवशी आण्णांनाही. तिसऱ्या दिवशी आई खुर्चीतून म्हणाली, "माजी गोठ्यातली साडी गुंडाळा. अन् धुऊ नका तिला."

आण्णांनी इकडं तिकडं बघितलं, पँटवरून साडी गुंडाळली, डोक्यावर पदर घेतला आणि बसले. म्हशीने मागे वळून एकदा हुंगलं आणि पान्हा सोडला. त्या दिवसापासून दोन्ही वेळेला आण्णा साडी नेसून धार काढू लागले. शेजारी राहणारे तात्या, म्हणजे आण्णांचे चुलते, बांधावरून हटकून हाक मारायचे, "काय सूनबाई, झाली का धार?"

"तात्या, गप बसा. म्हस बुजंल," आण्णा मान न वळवता म्हणायचे.

एकदा बियाण्याच्या कंपनीचा एक माणूस मोटारसायकलवरून आला. पुढचं दार बंद बघून तो घराला वळसा घालून मागे आला आणि वरूनच ओरडला, "बाई, मालक हायत का घरात?" आण्णांची धार रंगात आली होती. त्यांनी पदर थोडा पुढे ओढला आणि बारीक आवाजात सांगितलं, "शेतात गेल्यात." तो माणूस खरोखर शेतात गेला. त्या संध्याकाळी आण्णांनी मला विचारलं, "पायऱ्या कधी व्हत्याल?"

आम्हाला कॉलेजात सर्वेक्षणाचं प्रात्यक्षिक असतं. त्यात मी बहुतेक वेळा पट्टी धरून लांब उभी असते, आकडे दुसरं कुणीतरी वाचतं. तरी मी गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी मागून आणली, एक टोक मागच्या दारात आईच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन खाली गेले. उंचीचा फरक सहासष्ट इंच आला. माझा स्वतःवर विश्वास कमी, म्हणून तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सहासष्ट. भागिले सहा म्हणजे अकरा. मी वहीत अकरा पायऱ्यांचा आराखडा काढला, खाली दोन रेघा मारल्या आणि आण्णांना दाखवला. त्यांनी वही उलटी धरून बराच वेळ बघितली आणि "झ्याक हाय" म्हणाले.

लाकूड घरचंच होतं. जुन्या गोठ्याचे बाभळीचे वासे पत्रे बदलल्यापासून पडून होते. आण्णांनी त्यांचे अकरा तुकडे कापले. वाळवी लागू नये म्हणून आम्ही त्यांना ट्रॅक्टरचं जळकं ऑइल पाजलं. आठवडाभर घरात सगळ्याला ट्रॅक्टरचा वास होता, पोह्यांनासुद्धा. विटा इंदापूरकडच्या भट्टीवरच्या, न्हाणीघर बांधताना उरलेल्या. काम असं होतं: उतार पायरीएवढा कापायचा, पुढच्या कडेला लाकूड आडवं ठेवायचं, ते सरकू नये म्हणून समोर सळईचे दोन तुकडे ठोकायचे, मागे मुरूम भरून चोपायचा, त्यावर वाळू आणि वाळूवर विटा. सहाव्या पायरीला शेवग्याची मुळी आडवी आली. मुळी तोडू नका, असं आईने वरून बजावलं, म्हणून ती पायरी चांगली तीन फूट रुंद केली. कॉलेजातून आल्यावर मी आणि आण्णा रोज अंधार पडेपर्यंत खपायचो. आई खुर्चीतून देखरेख करायची.

"चौथ्या पायरीची कडंची वीट हालतीया."

"न्हाय हालत," आण्णा म्हणायचे.

मी पाय देऊन बघायचे. हलत असायची.

नवव्या दिवशी, रविवारी, अकरावी पायरी झाली. मी प्रत्येक पायरीवर पट्टी धरली. सहा, सहा, पावणेसहा, सहा. मला इतका आनंद कुठल्या परीक्षेच्या निकालाने झाला नव्हता. त्याच दुपारी तात्या परत आले. ते दहा दिवस डाळजला लेकीकडं होते आणि त्यांनी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. ते वरच्या पायरीवर उभे राहिले, काठी टेकवत खाली उतरले आणि प्रत्येक पायरीला पुटपुटले, "इंद्र, यम, राजा. इंद्र, यम, राजा." शेवटच्या पायरीवर थांबले. तिथून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घरच पेटवून दिलंय.

"यम," तात्या म्हणाले.

आमच्याकडे पायऱ्या अशा मोजतात. पहिली इंद्राची, दुसरी यमाची, तिसरी राजाची, चौथी पुन्हा इंद्राची. शेवटची इंद्रावर किंवा राजावर यावी लागते. यमावर आली तर त्या पायऱ्यांवरून कुणी जाऊ नये. अकरावी यमावर येते. हे मला लहानपणापासून माहीत होतं. फक्त सहासष्टला सहाने भागताना आठवलं नाही.

"तात्या," मी चाचरत म्हणाले, "डॉक्टरांनी सहा इंच सांगितलंय. दहा केल्या तर प्रत्येक पायरी उंच होईल. अन् यमाचं तसं काही... म्हणजे पुस्तकात काही आधार नाही."

"तुज्या पुस्तकात यम न्हाय म्हणून तो यायचा ऱ्हायलाय का?"

"उंबरा धरला तर बारा होतील."

"उंबरा धरत न्हाईत."

"मग खालची जमीन?"

"जमीन धरत न्हाईत. जमीन धरली तर मग पणदरं बी धर, बारामती बी धर."

वरून आई म्हणाली, "राहू द्या वो मामंजी. मला काय त्याचं? मी उद्या उतरती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या दारात उभी राहिली. चौकटीला हात धरला. बरा झालेला पाय उचलला, पहिल्या पायरीवर नेला आणि परत मागे घेतला. "आज जरा जड वाटतोय," म्हणाली आणि खुर्चीत बसली. पाय जड नव्हता. आदल्या संध्याकाळी त्याच पायाने ती अंगणात चार फेऱ्या मारून आली होती.

मला काय करावं कळेना. यम वगैरे मी मानत नाही, निदान कॉलेजात तरी मानत नाही. पण पायऱ्या आईसाठी होत्या आणि आई उतरत नव्हती. आमचा मामा लोणी देवकरला कारखान्यात कामाला आहे. त्याने पॅकिंगच्या थोड्या फळ्या आणून टाकल्या होत्या. आठच्या एस.टी.आधी मी त्यातली एक घेतली, सगळ्यात खाली ठोकली आणि तिच्यामागे विटांची एक ओळ बसवली. जेमतेम दोन इंचांची पायरी, पण पायरी. एकूण बारा. बारावी राजावर येते. फळीवर काचेच्या ग्लासचं चित्र छापलेलं होतं. ते मागच्या बाजूला करायला हवं होतं, पण एस.टी. चुकली असती. जाताना मी आईच्या कानात सांगितलं, "काळजी करू नको, राजावर आणलंय." कुणाला सांगू नको, असंही सांगितलं, कारण मला लाज वाटत होती. त्या दिवशी वर्गात नद्यांच्या झिजेवर तास होता आणि माझ्या नखांत आमच्या उताराची माती होती.

संध्याकाळी घरी आले तर आई प्रसन्न. "उद्या उतरती," म्हणाली. डोळे मिचकावल्यासारखे केले. मला वाटलं, माझ्यामुळे.

मंगळवारी सकाळी धारेच्या वेळेला सगळे जमलो. तात्यांनी नारळ आणला होता आणि मला ते फारच उत्साहात दिसले. आण्णा साडी नेसून तयार, खाली गोठ्याच्या तोंडाशी बादली घेऊन उभे. आईला पाय मोडल्यापासून गाऊनची सवय झाली होती, तिने नवा धुतलेला गाऊन घातला होता. मी तिचा हात धरून पुढे. तात्या मागे, उंबऱ्यात.

"इंद्र," तात्या मोठ्यांदा म्हणाले.

मी खाली बघितलं. आईचा पाय उंबऱ्याला लागून असलेल्या विटांच्या एका ओळीवर होता. ही ओळ मी घातली नव्हती.

"यम. राजा. इंद्र." आई उतरत होती. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवून, मगच पुढची. तिचा हात घामाने ओला झाला होता, पण ती हसत होती. "यम. राजा. इंद्र." सातव्या मोजणीला आम्ही शेवग्याच्या रुंद पायरीवर पोचलो आणि दोघीही थांबलो. पुढे जायला वाटच नव्हती. रुंद पायरीवर आडवं, विटांच्या दोन थप्प्यांवर, एक जाड तुळईचा तुकडा ठेवलेला होता; शेवग्याच्या फांद्यांआड तो वरून दिसला नव्हता. चांगला सव्वा फूट उंच. पुढे जायचं तर त्यावर चढून पलीकडे पुन्हा उतरायला हवं होतं.

"ती बी मोजा तात्या," खालून आण्णा म्हणाले. "मीच घातलीया, काल दुपारी. राजावर आणाया."

तात्यांचा चेहरा उतरला. "आरं, वर उंबऱ्यापाशी मी एक घातलीया की काल! हिला सांगितलं बी मी, काळजी करू नगं म्हणून."

"मी बी सांगितलं हिला," आण्णा म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळ्यात खालच्या पायरीकडे बोट दाखवलं. "ती ग्लासवाली माझी आहे."

तात्यांनी काठी हवेत धरून मोजलं, तुळईपासून पुढे. "यम, राजा, इंद्र, यम, राजा, इंद्र..." काठी माझ्या फळीवर येऊन थांबली. "यम! चौदा! आरं देवा, आपण तिघांनी मिळून परत यमावरच आणलं."

"मग एक काढू या," मी म्हणाले.

"कुणाची?" आण्णा म्हणाले.

"तुजी काढ. चढून परत उतरायची पायरी कुठं असती का? हिचा पाय सव्वा फुटावर जाईल का?" तात्या म्हणाले.

"मोजायला एक वाढली का न्हाय? मंग झालं. उंबऱ्यापाशी चार बोटांची ओळ घातली तिला पायरी म्हणता तुमी!"

"आन् तुज्या पोरीनं ग्लासाची घातली ती?"

"नाजूक वस्तूचं चिन्ह आहे ते," मी उगाचच सांगितलं.

हे सगळं चालू असताना आई रुंद पायरीवर उभी होती, एक हात माझ्या हातात आणि दुसरा शेवग्यावर. तिचा पाय थरथरत होता, ते मला उशिरा दिसलं. वरही सहा-सात पायऱ्या आणि खालीही तितक्याच. ती आता परत वर गेली असती तर पुन्हा कधी निघाली असती, मला माहीत नाही. दीड महिना बसून राहिलेल्या माणसाला मधेच विसावा लागेल, हे माझ्या वहीत कुठंच नव्हतं.

"तुमचं चालू द्या," आई म्हणाली, "मी बसती." आणि आण्णांच्या तुळईवर बसली.

तिने पाय लांब केला. घोटा चोळला. शेवग्याच्या सावलीत तिच्या तोंडावर असं सुख आलं की कुणाची पायरी काढायची ते राहूनच गेलं.

"लई भारी उंची धरलीया वो," ती आण्णांना म्हणाली. "गुडघा जराबी मुडपत न्हाय." मग तात्यांकडे वळून, "मामंजी, ही पायरी न्हाय. ही बसायची हाय. बसायची मोजत्यात का?"

तात्यांनी काठी जमिनीला टेकवली. ते खरोखर विचारात पडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना हा प्रश्न कुणी घातला असावा. "न्हाय," ते शेवटी म्हणाले. "बसायची जागा धरत न्हाईत."

"मंग किती ऱ्हायल्या?"

तात्यांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून मोजलं. "तेरा. इंद्र."

आण्णांनी वर येऊन तुळई झाडाच्या बाजूला सरकवली. आई उठली आणि उरलेल्या पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीपाशी थबकली. "हितं ग्लास कशाला काढलाय?"

"जपून ठेवा, फुटेल असं सांगायला."

"मंग मी पाय ठिऊ का नगं?"

"ठेव ठेव."

तिने ठेवला. खाली आली. सरळ म्हशीकडे गेली. "माजी बाय ती," म्हणत हात पुढे केला. म्हशीने धुतलेल्या गाऊनचा वास घेतला, कान मागे टाकले आणि दोन पावलं मागे सरकली.

"आगं मी हाय! मी!"

म्हशीने तिच्याकडे एखाद्या पाहुणीकडे बघावं तसं बघितलं, मग मान वळवून आण्णांच्या पदराला तोंड लावलं. आईचा हात तसाच पुढे राहिला. मला वाटलं आता ती रडणार. आण्णाही कावरेबावरे झाले आणि कमरेची निरी चाचपू लागले.

"साडी द्या की हिकडं," आई म्हणाली.

आण्णांनी निरी सोडली नाही. "आज ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तुजा पाय नवा हाय." आणि बादली घेऊन म्हशीखाली बसले. आईने त्यांच्या पाठीकडे बघितलं आणि अशी हसायला लागली की तिला गोठ्याचा खांब धरावा लागला.

याला आता दोन महिने झाले. आई रोज दोन्ही वेळेला एकटी उतरते, वांग्यांना बुडात पाणी घालते, घेवडा तोडते आणि तुळईवर बसून निवडते. साडी रोज मागते. आण्णा रोज म्हणतात, "आज ऱ्हाऊ दे." डेअरीला दूध वेळेवर जातं.

एकच अडचण उरली आहे. तुळई ही बसायची जागा आहे हे कबूल, पण रोज कुणी बसलंच नाही तर ती परत पायरी होईल अशी शंका तात्यांना दुसऱ्याच दिवशी आली. त्यामुळे मागच्या दारी ये-जा करणारा प्रत्येक माणूस तिथं क्षणभर बसतो. आई बसते ते पायासाठी. आण्णा भरली बादली घेऊन वर येताना पदर सावरून बसतात. तात्या येता-जाता दोन्ही वेळा बसतात. मी हे मानत नाही. पण सकाळी कढीपत्ता आणायला खाली जाते तेव्हा, एस.टी.ला उशीर होत असला तरी, टेकून घेते.